पहिल्या रॅकवरचा अखंड दिवा

हेमांगी बर्गे वारल्या आणि तेरावं व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या भिंतीवर परत आल्या. तिथून त्यांना गॅस, फ्रिज आणि जेवणाचं टेबल असं सगळं व्यवस्थित दिसायचं. "गिरीश, दुसरा चमचा टाकलास साखरेचा, मी बघितलं," हे त्या जिवंत असताना रोज म्हणायच्या आणि मेल्यावरही रोज म्हणायच्या. साताऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये मरणानं झालेला बदल एवढाच, की आता त्या चमचा हातातून काढून घेऊ शकत नव्हत्या.

आता अशी माणसं घरोघरी आहेत, तरी यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगून टाकतो. माणूस जायला टेकला की त्याच्या मेंदूचा नकाशा काढतात. कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे, कुठली जोडणी घट्ट आहे, कुठली सैल पडली आहे, हे सगळं टिपून घेतात. मग तोच नकाशा सर्व्हरवर चालवतात. त्याला प्रतिरूप म्हणतात. प्रतिरूप म्हणजे जुन्या आवाजाची टेप नव्हे. ते नवीन गोष्टीवर चिडतं, नवीन गोष्ट लक्षात ठेवतं आणि योग्य वेळी उकरून काढतं.

यात एक कच्चा दुवा आहे. प्रतिरूप जगतं ते यंत्राच्या चालत्या स्मृतीत, आणि ती स्मृती विजेवर उभी असते. वीज गेली की ती पुसली जाते. म्हणून रोज रात्री प्रत्येक प्रतिरूपाची एक प्रत काढून दूर नागपूरजवळ बुटीबोरीच्या केंद्रात ठेवतात. मूळ केंद्र पडलं तर बुटीबोरीचं यंत्र आपणहून ती प्रत उठवतं आणि माणूस पुन्हा बोलू लागतो. फक्त शेवटच्या प्रतीनंतर घडलेलं त्याला काही आठवत नाही. लोकांची याला हरकत नसते. जिवंत माणसंही सोयीनं बरंच विसरतात.

हेमांगीबाईंची मुलगी तनिष्का याच धंद्यात होती. शिरवळच्या पुढे 'चिरसंग' नावाच्या कंपनीचं केंद्र आहे, तिथं ती पुनर्जीवन विभागात काम करायची. यंत्रं पडली की ती कुठल्या क्रमानं उठवायची, कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे तिनं बघायचं. सगळी एकदम उठवली तर उठण्याच्या ओढीनंच पुन्हा पडतात, म्हणून तिथं असं माणूस लागतं. नोकरीचा एक फायदा होता. कर्मचाऱ्यांच्या घरची प्रतिरूपं पहिल्या रॅकमध्ये असत. लोखंडी कपाटासारखी ती रॅक केंद्रात सगळ्यात आधी बसवलेली, त्यामुळे मानाची. तनिष्काची आई त्याच रॅकमध्ये होती.

दसऱ्याच्या सकाळी बाबा झेंडूची फुलं आणायला बाहेर गेले. ती वेळ साधून तनिष्कानं श्रीखंड फेटता फेटता विषय काढला.

"आई, बाबांचं आणि प्राजक्ताकाकूंचं तुला माहितीये ना?"

"मला सगळं माहीत असतं. दुसरं काम काय आहे मला?"

प्राजक्ता केंजळे म्हणजे खालच्या मजल्यावरच्या विधवा बाई. त्यांचा मुलगा त्यांना दिवाळीनंतर कोइमतूरला घेऊन जाणार होता. त्यांना जायचं नव्हतं, पण कुणाच्या घरात लग्नाशिवाय राहायचंही नव्हतं. गिरीश बर्गे रोज संध्याकाळी त्यांच्या हातचा चहा प्यायला खाली जायचे आणि वर येताना पायरीवर जरा थांबायचे, का ते तनिष्काला समजत होतं.

"त्यांना लग्न करायचंय," तनिष्का म्हणाली. "कायद्यानं तू चालू आहेस तोवर बाबा लग्न झालेले. तू मोकळं केलंस तर होईल. अधिकाऱ्यासमोर फक्त एक वाक्य बोलायचं आहे."

भिंतीवरच्या चेहऱ्यानं थोडा वेळ काहीच केलं नाही. मग हेमांगीबाई शांतपणे म्हणाल्या, "तनू, मी मेलेय का?"

याला काय उत्तर द्यायचं असतं, ते बाहेरच्या माणसाला सुचतं. घरच्याला सुचत नाही. त्यात तनिष्काला बाबांचं ते पायरीवर थांबणं दिसत होतं.

"हो," ती म्हणाली. "मेलीयेस तू. मी स्वतः तुला जाळून आलेय. या भिंतीवर आहे ते नुसतं विजेचं बिल आहे."

हेमांगीबाईंनी स्वतःहून पडदा बंद केला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. तनिष्कानं श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं आणि कामावर निघून गेली.

आता केंद्रात काय चाललं होतं ते ऐका. तिथले व्यवस्थापक कौस्तुभ धुमाळ मोठे श्रद्धाळू. नवरात्रात पहिल्या रॅकवर देवीची तसबीर, लाल खण आणि विजेवरचा अखंड दिवा असायचा. नऊ दिवस दिवा विझता कामा नये, म्हणून त्यांनी त्या दिव्याला छपरावरच्या सौर बॅटऱ्यांची वेगळी तार ओढून घेतली होती. वायरमननं आळस केला आणि नुसता दिवा न जोडता त्या रॅकचं अख्खं सॉकेटच त्या तारेवर टाकलं. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि केंद्राचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे मागच्या अंगणातला जनरेटर. वीज गेली की तो आपणहून सुरू होतो. त्याला हळदकुंकू वाहताना तो धडधडत सुरू झाला तर भटजींचे हात जायचे, म्हणून धुमाळांनी त्याचा खटका 'स्वयंचलित'वरून 'बंद'वर केला. पूजा झाली, हार घातला, नारळ फुटला, प्रसाद वाटला. आता पूजा झालेल्या हत्याराला सीमोल्लंघनापर्यंत हात कशाला लावायचा, म्हणून खटका तसाच राहिला.

दसऱ्याच्या दुपारी परतीच्या पावसात वीज कोसळून उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर गळ्यात झेंडूचा हार घालून गप्प उभा राहिला. आतल्या बॅटऱ्या बसल्या. घाबरलेल्या धुमाळांनी पळत जाऊन खटका ओढला, तेव्हा जनरेटर असा दणका देत सुरू झाला की भिंतीतल्या जुन्या तारा पेटल्या. केंद्र काळोखात गेलं आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारांचाही कोळसा झाला.

बुटीबोरीनं शिरवळ मेलं असं समजून सगळ्यांच्या प्रती उठवल्या. त्या आदल्या रात्रीच्या होत्या.

संध्याकाळी तनिष्का दमून घरी आली तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आई हसत होती.

"सोनं नाही दिलंस मला? दसरा आहे ना आज?"

तनिष्का दारातच थांबली. मग तिनं आपट्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. आई म्हणाली, "सोन्यासारखी राहा. आणि डोळे का सुजलेत गं? जेवलीस का?"

सकाळचं बोलणं आईला आठवत नव्हतं. आठवणार कसं, या आईसाठी ती सकाळ झालीच नव्हती. तनिष्का बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि हसत रडली. आपण तोंडातून काढलेला शब्द कुणीतरी परत तोंडात घालून दिला, असं नशीब किती जणांच्या वाट्याला येतं? तिला मनापासून आनंद झाला होता, हे इथं सांगायलाच हवं.

पुढचे दिवस केंद्रात जळक्या तारा उपसण्यात गेले. पहिल्या दिवशी धुमाळ टॉर्च घेऊन मोठ्या हॉलमध्ये शिरले आणि एकदम थांबले. काळोखात पहिल्या रॅकवर अखंड दिवा जळत होता.

"तनिष्का, इकडं बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळं गेलं, पण आईनं दिवा विझू दिला नाही."

त्यांनी बूट काढून नमस्कार केला. तनिष्कानंही हात जोडले. रॅकवर लाल खण पांघरलेला होता. त्याखाली हिरवे ठिपके लुकलुकत होते, पण कुणी खण उचलला नाही. देवीचा खण कोण उचलणार? दिव्याच्या तारेवर आणखी काय चालू असेल, हा विचार पुनर्जीवन विभागात इतकी वर्षं काढलेल्या बाईला सुचायला हवा होता. तो सुचला नाही. धुमाळांनी दिवा तसाच ठेवायला सांगितला.

कोजागरीच्या आदल्या दिवशी नियंत्रणाच्या तारा जोडून झाल्या. निरोपांच्या तारा दुसऱ्या दिवशी जोडायच्या होत्या. तनिष्कानं पडदा उघडला आणि तिला पहिल्या रॅकमधली सगळी नावं दोनदोनदा दिसली. एकदा बुटीबोरीत, एकदा शिरवळमध्ये. दोन्हीकडे 'चालू'.

या धंद्यातला हा सगळ्यात वाईट अपघात. दोन केंद्रांमधली तार तुटते, प्रत्येकाला वाटतं दुसरं मेलं, आणि एकच माणूस दोन ठिकाणी जगत राहतो. कायदा सांगतो, एका माणसाचं एकच प्रतिरूप. दुसरं तात्काळ मारून टाकायचं, म्हणजे दोघं भेटायला नकोत. कुठलं ठेवायचं तेही कायद्यात आहे. जे कधी बंदच पडलं नाही, ते खरं, ते ठेवायचं. जे प्रतीवरून उठवलं, ते मारायचं. अपवाद एकच, खरं बिघडलेलं असेल तर. बिघडलंय की नाही, ते घरच्या माणसानं त्याच्याशी बोलून ठरवायचं.

एकेका घरचे लोक केंद्रात येऊन बोलू लागले. हेमांगी बर्गे यांच्या घरचं माणूस आधीच खुर्चीत बसलेलं होतं.

तनिष्काला आता लख्ख कळलं होतं. शिरवळची आई दसऱ्यापासून एकदाही थांबली नव्हती. तिला कॅमेरा नव्हता, आवाज नव्हता, कुणी उत्तर देत नव्हतं, आणि प्रतिरूपाला झोप नसते. तिच्या कानात शेवटचं वाक्य पडलं होतं ते विजेच्या बिलाचं.

तनिष्कानं कानाला हेडफोन लावून तार जोडली.

"तनू?" आईचा आवाज आला. घसा बसल्यासारखा, खरं तर प्रतिरूपाचा घसा बसायचं काही कारण नाही. "तनू, आलीस का?"

घरी एक आई होती. काल ती प्राजक्ताकाकूंच्या पोह्यांना नावं ठेवून हसली होती आणि बाबाही हसले होते. तिला काही माहीत नव्हतं. तिला गोड बोलून, नीट वेळ बघून पुन्हा विचारता आलं असतं. आणि ही आई होती. हिला सगळं माहीत होतं, आणि ही आयुष्यभर, म्हणजे तनिष्काच्या आयुष्यभर, ते विसरणार नव्हती.

"तनू, कोण आहे तिकडं? बोल ना गं."

तनिष्कानं तार काढली. पडद्यावर 'बिघडलेलं' असं नोंदवून खाली स्वतःचं बोट टेकवलं. यंत्रानं एकदा विचारलं, नक्की का. ती नक्की म्हणाली. मग शिरवळच्या यादीतून ते नाव गेलं, आणि ती शेजारच्या टेबलावर चहा घ्यायला गेली.

कोजागरीला दिवेलागणीच्या सुमारास चंद्र वर आला. तनिष्कानं दूध आटवायला ठेवलं होतं, चारोळी काढली होती. बाबा टेबलाशी बसून केशराच्या काड्या वाटीत चुरडत होते. आई भिंतीवरून सूचना देत होती. सगळं इतकं जमून आलं होतं की तनिष्कानं ठरवलं, आत्ताच.

या वेळी तिनं घाई केली नाही. आधी आईचं कौतुक केलं. मग बाबांच्या एकटेपणाचं सांगितलं. रात्री त्यांना छातीत धडधडलं तर हात धरायला कुणी नाही, हेही सांगितलं. "तुझी जागा कुणी घेत नाहीये, आई. तू इथेच असणार आहेस. फक्त एक वाक्य बोलायचंय अधिकाऱ्यासमोर."

बाबांनी मान वर केली नाही. आईनं थोडा वेळ काहीच केलं नाही. तो थोडा वेळ तनिष्कानं ओळखला.

"तनू," आई शांतपणे म्हणाली, "मी मेलेय का?"

तेच माणूस, तोच प्रश्न, मग उत्तर दुसरं कुठून येणार? गोड बोलण्यानं फक्त वेळ जास्त लागला होता. तनिष्काच्या जिभेवर तेच जुनं उत्तर आलं, पण तिनं ते गिळलं. बाबा म्हणाले, "राहू दे, तनू. नको."

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरनं निरोप आल्याची घंटा वाजवली. आईचे निरोप घरात आपोआप मोठ्यानं वाजतात, ती सोय बाबांना कमी ऐकू येतं म्हणून तनिष्कानंच करून ठेवली होती. शिरवळच्या निरोपांच्या तारा त्या दिवशी दुपारी जोडल्या गेल्या होत्या. पहिल्या रॅकमधून गेले काही दिवस जे निरोप निघाले ते बाहेर जायला वाट नसल्यानं एका वेगळ्या डब्यात साचले होते. प्रतिरूप मारलं तरी तो डबा रिकामा होत नाही. हे तनिष्काला माहीत होतं. ती विसरली.

"तनू, उचल ना फोन. काही दिसत नाहीये इथं. आवाज पण नाही. लाइट गेले का?"

भिंतीवरच्या आईनं डोळे बारीक केले. तिचे ओठ हलत नव्हते. दुसरा निरोप लागला.

"मला कळलं. तू रागानं तार काढलीस. बरोबर आहे, मी तशीच बोलले. पण आता लाव. खूप वेळ झाला."

तनिष्का स्पीकरकडे धावली. तो बंद करायचं बटण पडद्यावर होतं, आणि पडदा आईच्या ताब्यात होता. शेवटचा निरोप लागला. त्यातला आवाज अगदी हळू होता.

"तू म्हणालीस ते खरं असणार. मेल्यावर असंच असत असेल. तनू, हरले मी. सोडते गिरीशला. उद्या अधिकाऱ्याला बोलाव, मी म्हणते काय म्हणायचं ते. त्याला सांग, सुखानं राहा. फक्त लाइट लाव गं. एवढा एक लाइट लाव."

दूध उतू जाऊन गॅसवर सांडलं. बाबांनी उठून गॅसचं बटण बंद केलं आणि तिथेच उभे राहिले.

"हा माझा आवाज आहे," भिंतीवरची आई म्हणाली. "मी कधी म्हटलं हे?"

तनिष्कानं सांगितलं. दसऱ्याची सकाळ सांगितली, दिवा सांगितला, दोन नावं सांगितली. विजेच्या बिलाचं वाक्यही सांगितलं, कारण आता ते न सांगून काही उरणार नव्हतं.

"आणि ती कुठंय आता?" आईनं विचारलं.

तनिष्कानं गॅसवरचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं.

"तनू, ती कुठंय?"

"बंद केली."

"तिनं हो म्हटल्यावर?"

"तिनं काय म्हटलं ते मी ऐकलंच नव्हतं. तिनं हाक मारली, आणि मी तार काढली."

बाबा हळूच म्हणाले, "हा निरोप दाखवला तर चालेल का गं? अधिकाऱ्याला?" विचारल्या विचारल्या त्यांचा चेहरा पडला. आपण काय विचारलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. पण विचारून झालं होतं.

"नाही चालणार," तनिष्का म्हणाली. "बिघडलेल्या प्रतिरूपाची संमती धरत नाहीत. ती बिघडलेली होती असं मीच लिहून दिलंय."

"म्हणजे ती शहाणी होती," आई म्हणाली. "शहाणी होती, अंधारात होती आणि तुला हाका मारत होती. आता गिरीशला मी सोडेन असं वाटतं का तुला? तुम्ही दोघं माझं काय करता ते बघायला कुणीतरी जागं राहायला नको?"

पुनर्जीवनाच्या आठवड्यात कुठलंही प्रतिरूप पुन्हा उठवलं तरी कुणी काही विचारत नाही. कामाची टॅब्लेट टेबलावरच होती. तनिष्कानं ती जवळ ओढली. आदल्या रात्रीची प्रत बुटीबोरीत तयार होती, आजचा दिवस न घडलेली.

"तनू, हातात काय आहे तुझ्या?" आई म्हणाली. "गिरीश, तिच्या हातात काय आहे ते बघ. गिरीश, माझ्याकडे बघ."

गिरीश बर्गे ओट्यावर सांडलेलं दूध फडक्यानं पुसत होते. कोपऱ्यापर्यंत पुसून झालं तरी ते पुसतच राहिले. मागं आवाज थांबला, तेव्हा त्यांनी फडकं धुऊन पिळलं.

"मी प्राजक्ताला सांगतो, तू मुलाकडे जा म्हणून," ते म्हणाले. "हिला पुन्हा विचारायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही." मग ते खाली गेले आणि लगेच वर आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत.

सकाळी तनिष्का स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा आधीच तिथं होते. भिंतीवर आई ताजीतवानी दिसत होती. घराचं घड्याळ तनिष्कानं एक दिवस मागे करून ठेवलं होतं.

"आज कोजागरी ना गं?" आईनं विचारलं. "दूध जास्त घे. गिरीश, चारोळी वरच्या डब्यात आहे बघ. आणि आज ती प्राजक्ता येईल तर येऊ दे, मी काही बोलणार नाही."

तनिष्कानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी फ्रिज उघडला, कालचं उरलेलं दूध काढलं आणि पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं.